सकाळी सातचा आकडा

माझं औषधांचं दुकान आहे. पंचवीस वर्षं काउंटरमागे उभं राहून मला माणसं चेहऱ्यापेक्षा चिठ्ठीवरून जास्त ओळखू येतात. या धंद्याने माझा स्वभाव चिडका केला असं बायको म्हणते. माझं म्हणणं असं की स्वभाव आधीपासूनच चिडका होता, धंद्याने त्याला उभं राहायला फक्त जागा दिली.

काटेकाकांची ओळख मात्र त्यांची चिठ्ठी येण्याच्या कितीतरी आधीची. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. आमच्या भागातला किराणावाला, सोनार, भंगारवाला, भाजीवाली, सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांचं खरं नाव कितीजणांना माहीत असेल, शंकाच आहे. माझ्या दुकानातही मागच्या फळीवर काचेच्या पेटीतला एक लहान काटा आहे, पूर्वी पावडरी तोलायला लागायचा. काका दरवर्षी येत, पेटी उघडण्याआधी श्वास रोखून धरत, आणि पितळेची बारकी वजनं चिमट्याने उचलून पारड्यात ठेवत. मी एकदा बोटांनी वजन उचललं तर हातावर चापट बसली. ‘‘बोटाच्या तेलालासुद्धा वजन असतं,’’ ते म्हणाले. ‘‘किराणावाल्याचा काटा चुकला तर गिऱ्हाईक शिव्या देतं. तुझा चुकला तर शिव्या द्यायला गिऱ्हाईक उरत नाही.’’

हा त्यांचा विनोद. वर्षातून एकदा करायचे, तोच. बाकी बोलणं बेताचं. घरातलं सगळं बोलणं काकूंच्या वाट्याचं होतं आणि त्या ते दोघांच्या वतीने पुरेपूर करायच्या. डोकेदुखीच्या दोन गोळ्या घ्यायला आल्या तरी अर्धा तास. काका बाहेर पायरीवर हातात पिशवी घेऊन उभे. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि त्या घरात बोलणारं कोणी उरलंच नाही. एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात, तिची नोकरी, तिची पोरंबाळं. त्यातच सगळीकडे आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले. ते बिघडले की दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात. काकांकडे दिवसच्या दिवस कोणी येईनासं झालं.

मग त्यांना साखर निघाली. रक्तात, म्हणजे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तीन महिन्यांची मुदत दिली आणि आकडा खाली आला नाही तर इन्शुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल असं सांगितलं. मुलीला कळल्यावर तिने फोनवरून सूत्रं हातात घेतली. भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद. अंडी, मासे, पालेभाज्या, मूठभर दाणे. याला लो-कार्ब म्हणतात हे काकांना तिने शिकवलं आणि काकांनी मला. साखर मोजायचं यंत्र त्यांनी माझ्याकडूनच घेतलं. ते हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, ‘‘याला शिक्का कोण मारतं?’’ मी म्हटलं, कंपनी मारते. ‘‘म्हणजे विकणाराच तपासणारा,’’ ते म्हणाले, पण घेतलं.

रोज सकाळी सात वाजता मुलीचा फोन यायचा. ‘‘बाबा, किती?’’ काका आकडा सांगायचे. ‘‘काल काय खाल्लंत?’’ ते सांगायचे. ‘‘चालायला गेला होतात?’’ हो. ‘‘बरं, ठेवते.’’ एवढंच. दीड मिनिट, फार तर दोन. पण त्या दोन मिनिटांचं वर्णन काका मला दर आठवड्याला यंत्राच्या पट्ट्या घ्यायला आले की करायचे. आधी मला वाटलं, म्हातारा आजाराचं कौतुक करतोय. आजाराचं कौतुक करणारे मी रोज दहा बघतो. मग लक्षात आलं की ते आकड्याबद्दल बोलतच नाहीत. ‘‘काल तिला सर्दी झालेली वाटली,’’ असं सांगायचे. किंवा, ‘‘मागे कुकर वाजत होता. घाईत होती, तरी केलाच फोन.’’ मला तेव्हा जरा गलबलून आलं होतं, आणि मी ते लपवायला त्यांच्यावर खेकसलो होतो की पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका, दमट होतात.

आता चहातल्या गोड पुडीकडे येतो. साखर बंद झाली तेव्हा काकांनी कसलीच तक्रार केली नाही, फक्त चहाचं काय ते विचारलं. ते दिवसाला आठ कप चहा प्यायचे. एकट्या माणसाला घरात दुसरं काम काय असतं? पाणी ठेवायचं, उकळताना बघायचं, गाळायचं, प्यायचं, कप धुवायचा, की अर्धा तास सरला. मी साखरेऐवजी वापरायच्या गोड पुड्यांचा खोका काढून दिला. ‘‘यात साखर नाही, खुशाल प्या,’’ असं छातीठोक सांगितलं. ते खुशाल प्यायले. कपाला तीन पुड्या.

दोन महिने झाले तरी सकाळचा आकडा एकशे साठच्या खाली उतरेना. खाण्यात तर माणूस काट्यासारखा चोख. मुलगी काळजीत पडली, इकडे तिकडे वाचू लागली, आणि तिला कुठल्याशा गटात कोणीतरी सांगितलं की खरी चोर ती पुडी. जिभेला गोड लागलं की शरीर फसतं, साखर आली असं समजून इन्शुलिन सोडतं, आणि मग लो-कार्ब केलंत काय नि न केलंत काय, सारखंच. तिने फर्मान काढलं: पुडी बंद.

दुसरा कोणी असता तर त्याने पुडी बंद तरी केली असती, नाहीतर चोरून चालू ठेवली असती. काका म्हणाले, ‘‘मोजून बघतो.’’

त्यांनी मला घरी बोलावलं, साक्षीदार म्हणून. मी दुपारी दुकान बंद करून गेलो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर हिरवं कापड, चिमटे मापाने लावलेले. आतल्या खोलीत जोडपलंग. एका बाजूला चादर चापूनचोपून घातलेली, आणि दुसऱ्या बाजूला, जिथे काकू झोपत असणार, तिथे वजनांच्या लाकडी पेट्या रचलेल्या. मी बघतोय हे पाहून ते म्हणाले, ‘‘जागा रिकामी होती.’’

प्रयोग तीन दिवस चालला होता, मी पाहिला तो शेवटचा. पहिल्या दिवशी नुसतं गरम पाणी. दुसऱ्या दिवशी बिनगोड कोरा चहा. दोन्ही वेळा पिण्याआधी नि नंतर आकडा जवळजवळ तोच. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर गरम पाण्यात सहा पुड्या. आधी एकशे बत्तीस. पाऊण तासाने एकशे छप्पन्न. काकांनी यंत्र माझ्यासमोर ठेवलं आणि विजयाने नाही, दुःखानेच म्हणाले, ‘‘पोरगी बरोबर होती. पुडीने इन्शुलिन वाढतं.’’

आता मी काही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांच्या इतक्या चिठ्ठ्या वाचल्यात की थोडं शहाणपण अंगाला लागलंय. मी म्हटलं, ‘‘काका, हे यंत्र इन्शुलिन मोजत नाही. साखर मोजतं. इन्शुलिनची तपासणी वेगळी, ती प्रयोगशाळेत होते.’’

‘‘म्हणजे मी सोन्याच्या काट्यावर दूध मापतोय?’’

‘‘तसंच. आणि दुसरं ऐका. इन्शुलिनचं काम साखर खाली आणणं. पुडीने नुसतं इन्शुलिनच वाढलं असतं तर तुमचा आकडा उतरला असता. तो चढलाय.’’

तराजूच्या माणसाला हे दुसऱ्यांदा समजावावं लागत नाही. एक पारडं वर गेलं की दुसऱ्यात काहीतरी पडलंय. त्यांनी एक पुडी फोडली, कागद वेगळा तोलला, आतली भुकटी वेगळी तोलली. एक ग्रॅम, अगदी बरोबर. मग खोका उचलून भिंगातून वाचायला लागले. ‘‘गोडीचा पदार्थ बारा मिलिग्रॅम,’’ त्यांनी वाचलं. आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘उरलेलं नऊशे अठ्ठ्याऐंशी मिलिग्रॅम काय आहे?’’

तो प्रश्न ऐकून मला जी लाज वाटली ती अजून जात नाही. गोड लागणारी वस्तू इतकी जहाल असते की एका पुडीला तिची चिमूटसुद्धा लागत नाही. मग पुडी भरायची कशाने? खोक्याच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: डेक्स्ट्रोज. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज. म्हणजे साखरच, आणि तीही तडक रक्तात जाणारी. एका पुडीत एवढीशीच, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण काका दिवसाला चोवीस पुड्या घेत होते. पाच-सहा चमचे. शिवाय सकाळी पाचला उठून दोन कप पिऊन, मग सातला उपाशीपोटीचा आकडा घ्यायचे, कारण ‘‘चहा म्हणजे काय खाणं का?’’ चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही, आणि तो चोर मीच त्यांच्या घरात नेऊन सोडला होता. पंचवीस वर्षं औषधं विकून मी खोक्याची मागची बाजू वाचली नव्हती.

मी माफी मागितली. मी सहसा मागत नाही. काका म्हणाले, ‘‘तू नुसतं वरचं नाव वाचलंस. सगळे तेच करतात.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, ही भरण नसलेले गोडीचे थेंब मिळतात, ते घ्या, तेही बेताने. काकांनी विचारलं, ‘‘पण इन्शुलिनचं काय? नुसत्या गोडीने ते वाढतं की नाही?’’

‘‘खरं सांगू? एका वाक्यात उत्तर नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘बऱ्याच प्रयोगांत काही वाढ दिसली नाही. काहींत, काही लोकांत, थोडी दिसली. गोडीचे पदार्थही वेगवेगळे, सगळ्यांना एकच माप लागत नाही. तुमच्या बाबतीत भरण काढा, कप कमी करा, आकडा बघा.’’

बाहेर आल्यावर काका म्हणाले, ‘‘हा डॉक्टर चांगला आहे. माहीत नाही तिथे शिक्का मारत नाही.’’

आकडा बघता बघता उतरला. पहाटेचा चहा बंद, दिवसाला चार कप, कपात दोन थेंब. एकशे चाळीस, एकशे अठ्ठावीस, एकशे पंधरा. महिन्याभरात एकशे चार. मी दुकानात गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचं अभिनंदन केलं. काका हसले नाहीत. पट्ट्यांची डबी खिशात घालत म्हणाले, ‘‘लेक म्हणाली, बाबा, जिंकलात. आता रोज विचारायची गरज नाही. आता रविवारचा फोन.’’

‘‘छानच की. डोक्याची कटकट गेली.’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘गेली.’’

मी असा आंधळा. माणूस समोर उभा राहून सांगत होता आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे मागत होतो.

दोन रविवार गेले. मग काका आले ते चेहरा पाडून. आकडा चढतोय म्हणाले. एकशे सत्तर. नंतर एकशे नव्वद. मग दोनशे दहा. मी उलटतपासणी घेतली. बाहेर काही खाल्लंत? नाही. पुन्हा पुड्या? नाही. थेंबांची बाटली आणायला लावली, मागची बाजू भिंगाने वाचली, तिच्यात काही नव्हतं. मला वाटलं म्हातारा चोरून मिठाई खातोय. खाई त्याला खवखवे, कधीतरी बोलेलच. मुलीचा मात्र जीव खालीवर. तिने पुन्हा रोज सातला फोन सुरू केला, मग संध्याकाळीही. काका मला सांगायचे, ‘‘काल अकरा मिनिटं बोलली. ऑफिसातून.’’ दोनशे दहा साखर असलेला माणूस हे सांगताना इतका बरा का दिसतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता. आला आणि गेला.

बारा दिवसांनी मुलीने फोनवरून डॉक्टरांना सगळे आकडे वाचून दाखवले. डॉक्टरांनी इन्शुलिन लिहून दिलं, रात्री झोपताना दहा युनिट, आणि आठवड्याने रक्ततपासणी. तिने मला फोन करून इन्शुलिनचं पेन मागवून ठेवायला सांगितलं. ‘‘बाबांना टोचायला नीट शिकवा हं, प्लीज. ते कोणाला विचारायचे नाहीत,’’ ती म्हणाली. तिचा आवाज रडून मोकळ्या झालेल्या माणसासारखा होता.

काका सकाळी अकराला आले. मी त्यांना आत, औषधांच्या फळ्यांमध्ये स्टुलावर बसवलं. पेन फ्रीजमधून काढलं. सुई कशी लावायची, दोन युनिट हवेत सोडून कसं बघायचं, पोटाची चिमटी कुठे धरायची, सगळं दाखवलं. ते एकाग्रतेने बघत होते. डोस फिरवताना प्रत्येक ‘कट्’ मोजत होते. ‘‘चांगलं यंत्र आहे,’’ म्हणाले.

‘‘यंत्र चांगलं आहे, पण खेळणं नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आधी आकडा बघायचा. आकडा कमी असताना हे टोचलंत तर साखर पार खाली जाते. घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्ध जाते. तुमच्या घरात दुसरं कोणी नाही. आणा ते मोजायचं यंत्र, सकाळचा आकडा बघतो.’’

‘‘सकाळी दोनशे चार होता.’’

‘‘आणा तर.’’

त्यांनी निमूट दिलं. त्यांना वाटलं मी नवीन पट्टी लावून मोजणार. मी बाजूचं बटण दाबलं.

एकशे सहा. आजची तारीख, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं.

पुन्हा दाबलं. काल: नव्याण्णव. परवा: एकशे अकरा. मी दाबत गेलो. एकशे दोन, एकशे आठ, सत्त्याण्णव. पूर्ण दोन आठवडे मागे गेलो. दोनशे कुठेच नव्हते. दीडशेसुद्धा नव्हते.

काका यंत्राकडे बघत होते. ‘‘हे लक्षात ठेवतं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पाचशे आकडे ठेवतं.’’

‘‘मला माहीत नव्हतं,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘काटा लक्षात ठेवत नाही. वजन उचललं की शून्य. काल काय तोललं ते त्याला ठाऊक नसतं.’’

मी चिडलो. खरंच चिडलो. मी म्हटलं, ‘‘काका, एकशे सहावर तुम्ही हे पोटात टोचणार होतात? आज रात्री? आणि मला किराणावाल्याच्या काट्याची गोष्ट सांगता? उद्या सकाळी ती सातला फोन करत बसली असती आणि तुम्ही उचलला नसता!’’

बाहेर गिऱ्हाईक थबकलं असावं, कारण काउंटरवर एकदम शांत झालं. काकांनी मान वर केली नाही. चाळीस वर्षं या माणसाने खोटं वजन धरलं नव्हतं. सोनारांनी आमिषं दाखवली होती, भंगारवाल्यांनी धमक्या दिल्या होत्या, मी हे सगळं काकूंच्या तोंडून ऐकलेलं.

‘‘रविवारी फोन आला होता,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणाली, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. म्हणाली, बरं. झालं. ठीक म्हटल्यावर पुढे काय बोलणार? सोमवारी मी सातला फोनपाशी बसलो होतो. सवयीने. मंगळवारीही बसलो. पुढच्या रविवारी तोंडातून एकशे सत्तर निघून गेलं. तिचा आवाज असा बदलला, अरे... मला इतकं बरं वाटलं.’’

माझा राग जिथल्या तिथे विरला. मी पेन उचललं आणि परत फ्रीजमध्ये ठेवलं. काउंटरवरचा फोन आणून त्यांच्यापुढे धरला. ‘‘तिला सांगा,’’ मी म्हटलं. ‘‘आत्ता. नाहीतर मी सांगतो.’’

त्यांना नंबर पाठ नव्हता. चार महिने फोन यायचाच, करायची वेळ कधी आली नव्हती. त्यांच्या खिशातल्या कागदावरून मी लावून दिला. त्यांना कानाने कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं असंही नाही.

‘‘मी बोलतोय,’’ काका म्हणाले.

‘‘बाबा? काय झालं? या वेळी कसा फोन?’’

‘‘काही झालं नाही,’’ काका म्हणाले. ‘‘माझा आकडा एकशे सहा आहे.’’

‘‘अरे वा! एकदम?’’

‘‘एकदम नाही. रोज तेवढाच होता. मी तुला खोटं सांगत होतो. दोन आठवडे.’’

मग ती संतापली. बरोबरच होतं तिचं. मी झोपले नाही, मी रजा टाकली होती, डॉक्टरांशी फोनवर रडले मी, का बाबा, का? काका ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘आकडा चांगला असला की तू फोन करत नाहीस.’’

आता तिचा आवाज उतरला होता.

‘‘आई होती तेव्हा मी फोन केला की तुम्ही काय म्हणायचात, आठवतं?’’

काकांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

‘‘‘थांब, आईला देतो.’ वीस वर्षं बाबा. कधी कशी आहेस पण नाही. आई गेल्यावर मी फोन हातात घेऊन बसायचे आणि परत ठेवायचे. म्हणायचे, बोलू काय यांच्याशी? मग तुम्हाला साखर निघाली आणि मला एक प्रश्न मिळाला. मलासुद्धा तो आकडा हवा होता. तो नसला तर मी काय विचारू तुम्हाला?’’

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कसलं आलंय उत्तर? माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली, मी त्यांना तब्येतीशिवाय काही विचारल्याचं मला आठवत नाही. मी नजर चुकवून काउंटरवर गेलो. एक बाई केव्हाची उभी होती. तिला खोकल्याचं औषध हवं होतं.

मागून फोनवर कोणीच बोलत नव्हतं. मला वाटलं, ठेवला. मी वळून पाहिलं तर काका स्टुलावर तसेच, फोन दोन्ही हातांत धरून. मग त्यांनी घसा खाकरला.

‘‘इथे एक बाई आलीय,’’ ते म्हणाले. ‘‘खोकल्याचं औषध घेतेय.’’

पलीकडून काही नाही.

‘‘औषधवाला दोन बाटल्या दाखवतोय. ती मोठी बघतेय, पण घेईल लहान, असं वाटतं.’’

मी लहान बाटली बाईपुढे सरकवली.

‘‘घेतली. लहानच. आता पिशवीत ठेवतेय. पिशवीला एक बंद नाही, गाठ मारलीय तिने.’’

बाई माझ्याकडे चमत्कारिक बघत निघून गेली. दुकान रिकामं झालं. काका रिकाम्या दुकानाकडे बघत राहिले, सांगायला काही उरलं नव्हतं त्यांच्याजवळ. मी पटकन पायरीवर आलो आणि रस्त्यावर जो पहिला माणूस दिसला त्याला हाक मारली, या हो, या, काय हवंय? तो बिचारा गोंधळून आत शिरला.

मागे फोनमधून ती म्हणाली, ‘‘हं. मग?’’